नाना, बॅटरी आणि मी

नानांनी एकदा सत्यनारायण सरकवला होता.

देवपूरला आमच्या कॉलनीत, आमच्यापासून तिसऱ्या घरी पूजा होती. चौरंग मांडून झाला, केळीचे खांब बांधून झाले, बायका जरीच्या साड्या नेसून सतरंजीवर बसल्या आणि गुरुजींनी समई लावायला काडी ओढली. तेवढ्यात जिन्याखालून आवाज आला, "महाराज, काडी विझवा." आवाज असा होता की गुरुजींनी आधी फुंकर मारली आणि मग विचारलं, कोण आहे. जिन्याखालून नाना बाहेर आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात एक काचेची नळी. म्हणाले, "बॅटरी चार्जिंगला आहे, गॅस सोडतेय. देव तिकडे खिडकीपाशी न्या."

गुरुजी म्हणाले, मांडलेला देव असा हलवत नसतात. नाना म्हणाले, "चार्जिंगला लावलेली बॅटरी पण मधेच सोडत नसतात." मग जरा थांबून समजुतीच्या सुरात म्हणाले, "देव समजून घेईल महाराज. ही नाही घेणार." दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. शेवटी देव सरकला. पूजा खिडकीपाशी झाली, प्रसादाला नाना पहिले होते.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी मिळाली की तो भडकतो, हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाला फळ्यावर लिहून देतो. पण त्या पूजेत मीही बसलो होतो आणि समई माझ्यासमोरच होती. माझ्या काही डोक्यात आलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते याहून वाईट आहे.

नाना मूळचे सोनगीरचे. नोकरी सगळी दीपनगरला, वीजकेंद्रात, आणि तीही एकाच खोलीत. त्या खोलीत नुसत्या बॅटऱ्या असतात, रांगांच्या रांगा. अख्खं केंद्र बंद पडलं तर ते पुन्हा उभं करायला जी वीज लागते ती या खोलीतून जाते. नाना सांगायचे, "सगळा महाराष्ट्र दीपनगरवर जगतो, आणि दीपनगर आमच्या खोलीवर." तीस-बत्तीस वर्षांत ती वेळ फारशी आली नाही. पण येईल म्हणून नाना रोज प्रत्येक बॅटरीची घनता मोजत राहिले.

निवृत्त झाल्यावर देवपूरला घर घेतलं. वर्षभरात त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या अक्का, वारल्या. मुलगी सुरतला. अक्का गेल्या त्याच्या दुसऱ्या महिन्यात, एका रविवारी, नानांनी पहिल्यांदा आमचं फाटक उघडलं आणि विचारलं, "सर, तुमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला पाणी कधी घातलं होतं?"

मी म्हटलं, "पाणी घालायचं असतं?"

नाना मटकन पायरीवर बसले. विज्ञानाचा मास्तर असून, असं काही ते बोलले नाहीत. नुसते बसले. मग उठून सरळ जिन्याखाली गेले, आणि पुढची आठ वर्षं दर दुसऱ्या रविवारी जात राहिले. आमच्याकडे आणि कॉलनीतल्या आणखी दहा घरी. इस्त्रीचा सुती शर्ट, खांद्याला पिशवी. पिशवीत डिस्टिल्ड वॉटरचा कॅन, नरसाळं, खायच्या सोड्याची पुडी, जुना टूथब्रश, पेट्रोलियम जेलीची डबी आणि ती काचेची नळी. हायड्रोमीटर म्हणतात तिला. वरचा रबरी फुगा दाबून बॅटरीतलं पाणी आत ओढायचं आणि तरंगणाऱ्या काडीवरचा आकडा वाचायचा. बाराशे पन्नास म्हणजे तब्येत उत्तम. अकराशे पन्नास म्हणजे घरच्यांना बोलावून घ्या.

कामाला बसण्याआधी नाना घड्याळ काढायचे, अंगठी काढायचे, गळ्यातली माळ काढायचे आणि घरातल्या देव्हाऱ्यातली उदबत्ती विझवायचे. मग घरातल्या बाईला विचारायचे, "वहिनी, नायलॉनची साडी आहे का?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा आमची शैला माझ्याकडे बघायला लागली. नायलॉनमधून ठिणगी पडते म्हणून तिनं लांब उभं राहावं, एवढंच म्हणणं होतं. पण हे कारण नाना नंतर सांगायचे, कधीकधी सांगायचेच नाहीत. कॉलनीत एक नवीन बिऱ्हाड आलं होतं, त्या घरातल्या साहेबांना हा प्रश्न समजावायला मला जावं लागलं होतं.

माणसांशी नाना शुद्ध बोलायचे, ऑफिसातल्यासारखं. बॅटरीशी मात्र अहिराणीत. जिन्याखालून ऐकू यायचं, "काय वं माय, कशी शे? भलती सुकाई गयी वं." मग बुचं उघडल्याचा आवाज. "पी, पी. दम धर. आठे कोनले घाई शे?" बाहेर आले की पुन्हा तोंड सरळ करून म्हणायचे, "सर, चार नंबरचा सेल जरा मागे आहे, बाकी ठीक."

त्यांचा एक सिद्धांत होता, दहावा हिस्सा. बॅटरी जेवढी मोठी असेल त्याच्या दहाव्या हिश्श्यानं तिला वीज द्यायची, म्हणजे ती तापत नाही आणि पुष्कळ वर्षं जगते. बरोबरच आहे ते. पण नाना तो सगळीकडे लावायचे. शेजारच्या जोशीकाकूंना डेंगी झाला, उठल्या, तर नाना त्यांच्या सुनेला म्हणाले, "पहिल्या दिवशी जेवणाचा दहावा हिस्सा. फास्ट चार्जिंग करू नका." माझ्या मुलीचं, वृषालीचं लग्न ठरलं तेव्हा तिला जवळ बसवून सांगितलं, "सासरी पहिल्या दिवशी सगळं बोलायचं नाही बेटा. दहावा हिस्सा." वृषाली अजून त्यांची नक्कल करते. करताना हसत नाही.

मेलेली बॅटरी उठवणं हा त्यांचा खरा आनंद. लोक भंगारात द्यायला काढत, नाना ती आपल्या ओट्यावर मागून घेत. महिनाभर अगदी कमी विजेवर ठेवायची, मग मोटारीच्या एका जुन्या बल्बवर रिकामी करायची, परत भरायची, परत रिकामी. या प्रकाराला ते उठबस म्हणत. "पडून पडून अंग धरलंय तिचं. उठबस करवली की मोकळी होते." दहातल्या तीन-चार उठायच्या. न उठलेल्या भंगारात देताना ते तिची टर्मिनल्स पुसून द्यायचे.

एक गोष्ट मला तेव्हाही कळत होती. बॅटरीला दर पंधरा दिवसांनी पाणी लागत नाही. दोन-अडीच महिन्यांनी लागतं. तरी नाना पंधरा दिवसांनी यायचे, बुचं उघडायचे, बंद करायचे, आणि मग बाहेरच्या खोलीत बसून चहा घ्यायचे. अकरा घरं, अकरा चहा. कुणी "आज राहू द्या नाना" म्हटलं तर म्हणायचे, "नुसतं बघून जातो." मला ते कळत होतं आणि मी ते कधी कुणाला बोललो नाही. एवढं एक बरं केलं.

आता मुद्द्यावर येतो. टाळतोय खरं तर.

गेल्या आखाजीची गोष्ट. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. दिवाळीइतकाच मोठा सण, लेकी माहेरी येतात. वृषालीची लग्नानंतरची पहिली आखाजी. जावई येणार होते, आणि मीच हौसेनं व्याही आणि विहीणबाईंनाही बोलावून ठेवलं होतं. सावद्याकडचे लोक, केळीचे मळे, मोठं घर. आमचं घर लहान. मे महिना, आणि आमच्या भागात दुपारी हमखास लाईट जाते. नेमकी तेव्हाच आमची बॅटरी दहा मिनिटांत बसायला लागली.

नानांनी नळी घातली. अकराशे पन्नास. "सल्फेट धरलंय सर. पण जाणारी नाही ही. तीन आठवडे द्या मला, उठबस करवतो. आखाजीला दोन तास पंखे चालतील, माझा शब्द."

मला चार तास पाहिजे होते. आणि खरं सांगायचं तर मला नाना नको होते. सकाळ-संध्याकाळ ते यायचे, उकाड्यामुळे शर्ट काढून बनियनवर जिन्याखाली बसायचे, बॅटरीशी गप्पा मारायचे. जिना अगदी समोर, फाटकातून आत आलं की पहिलं दर्शन तेच. व्याही आल्यावर हे दर्शन घडणार, या विचारानं मला घाम फुटायचा. कुणी विचारलं तर काय सांगणार, हे आमचे कोण? मी नवी बॅटरी आणली असती, पण ही नानांची पेशंट. मधेच काढून टाकली असती तर ते आमच्या पायरीवर पुन्हा मटकन बसले असते. तेवढं सांगायची माझी छाती नव्हती.

आखाजीच्या दोन दिवस आधी आकडा अकराशे नव्वदवर आला. नाना खूश. त्यांना दोन दिवस सोनगीरला लग्नाला जायचं होतं. जाताना सांगून गेले, "काही करू नका सर. अशीच राहू द्या. पाणी पण घालू नका."

ते गेले आणि मी विचार करायला बसलो. पदवीधर माणूस विचार करायला बसला की काय होतं बघा. घनता कमी आहे. घनता कशानं येते? सल्फ्युरिक आम्लानं. म्हणजे आम्ल कमी आहे. आम्ल घातलं की घनता वाढेल. कागदावर इतकं स्वच्छ होतं की मला हसू आलं, म्हातारा तीन आठवडे उगाच बल्ब लावून बसलाय. बाजारातून ॲसिडचा कॅन आणला. दुकानदारानं विचारलं, कशाला पाहिजे? मी म्हटलं, शाळेच्या प्रयोगशाळेला. हे पहिलं खोटं.

प्रत्येक सेलमधलं थोडं पाणी काढलं आणि ॲसिड ओतलं. नानांची नळी जिन्याखालीच होती, ती घालून बघितली. तेराशे वीस. मला इतका आनंद झाला की शैलाला हाक मारून दाखवावंसं वाटलं, पण दाखवलं नाही. इन्व्हर्टरच्या मागचं बटण जास्तीच्या चार्जिंगवर टाकलं आणि हात धुतले.

बॅटरीतलं आम्ल कुठे गेलेलं नसतं. ते प्लेटांवर बसलेलं असतं, आणि हळूहळू वीज दिली तर परत पाण्यात येतं. नाना तीन आठवडे तेच करत होते. वरून आणखी ॲसिड ओतलं की आकडा चढतो आणि आतून बॅटरी जळते. ताप आलेल्या माणसाच्या थर्मामीटरला बर्फ लावावा तसं काहीसं मी केलं होतं. हे मी नंतर वाचलं. पाठ्यपुस्तकातच होतं, मी शिकवतो त्याच्या दोन इयत्ता पुढच्या.

आखाजीच्या दिवशी पंगत बसली. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कुरडया. व्याही, म्हणजे आबा, माझ्या उजवीकडे, विहीणबाई समोर शैलाशेजारी. लाईट गेली होती, पंखे चालले, मी मनातून फुगलो. अर्ध्या तासानं लाईट आली आणि बॅटरी परत चार्जिंगला लागली. आणि वास सुरू झाला.

सडक्या अंड्याचा वास. आमरसाच्या पंगतीत. सुरुवातीला कुणी काही बोललं नाही, अशा वेळी माणसं जेवढी सभ्य होतात तेवढी एरवी होत नाहीत. आबांनी आपला पाट हळूच माझ्यापासून लांब सरकवला. जावयांनी ताटात मान घातली. शैलानं रसाचं पातेलं हुंगलं, माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं, आणि मी जोशीकाकूंच्या घराच्या दिशेनं मान वळवली. तेवढ्यात जिन्याखालून फसफस आवाज आला, एक बूच उडून भिंतीला लागलं, आणि बॅटरीतून उकळतं पाणी नव्या फरशीवर वाहायला लागलं. विहीणबाईंची बॅग तिथेच ठेवलेली होती. बॅगेत परतीच्या प्रवासाची साडी.

आम्ही सगळे उष्ट्या हातांनी उभे. आणि फाटकातून नाना आत आले. सकाळीच सोनगीरहून परतले होते, पाहुणे आहेत म्हणून आले नव्हते. वास त्यांच्या ओट्यापर्यंत गेला होता. कुणाकडे न बघता म्हणाले, "बटणाला हात लावू नका कोणी. वहिनी, खिडक्या उघडा." बाहेर जाऊन मेन स्विच पाडला. बॅग उचलून अंगणात ठेवली. पिशवीतली सोड्याची पुडी फरशीवर पसरली, ती फेसाळली, नाना वाट बघत उभे राहिले.

आबांनी मला विचारलं, "सर, हे कशामुळे झालं?"

वृषाली दारात उभी होती. विहीणबाई तिच्या शेजारी. आणि मी, मराठीत, स्पष्ट उच्चारांत म्हणालो, "हे आमच्या कॉलनीतले नाना. हौस म्हणून बॅटऱ्या बघतात सगळ्यांच्या. महिना झाला ढवळाढवळ चालली आहे, मी किती सांगितलं. त्यांनीच काहीतरी करून ठेवलंय."

नाना बॅटरीपाशी बसलेले होते. जरा निवल्यावर त्यांनी सवयीनं नळी घातली होती आणि आकडा बघत होते. पुष्कळ वेळ बघत होते. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. चार नंबरच्या सेलकडे बघायचे तसं. आणि आबांना म्हणाले, "हो साहेब. माझ्याकडूनच झालं. माफ करा." मग ओल्या फडक्यानं त्यांनी माझी फरशी पुसली.

मी पुसू दिली.

शैलाला खरं काही माहीत नव्हतं, त्यामुळे तिनं चार जणींना सांगितलं, आणि तिचा त्यात काही दोष नाही. कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की वयोवृद्ध व्यक्तींना इलेक्ट्रिकच्या कामात हात घालू देऊ नये. खाली अंगठे आले. एक अंगठा माझा होता. हे मी शैलालाही सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदा लिहितोय.

मग एकेका घरी बिनपाण्याच्या बॅटऱ्या आल्या. सीलबंद, बूच नाही, काही बघायचं नाही. आम्हीही तीच आणली. नाना रविवारी पिशवी घेऊन निघायचे तर बायका फाटकातूनच सांगायच्या, "आता गरज नाही नाना, नवीन घेतली." नाना विचारायचे, "नुसतं बघून जाऊ?" बघायला काही नव्हतंच. आषाढापर्यंत अकराच्या अकरा घरं संपली. पुढच्या रविवारी मी गच्चीतून बघितलं. नाना इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी खांद्याला लावून आपल्या फाटकापर्यंत आले. कडीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि आत गेले. मी गच्चीतून खाली आलो आणि पेपर तपासायला बसलो.

श्रावणात वृषालीचा फोन आला. "पप्पा, नाना इथे येऊन गेले."

मला कळेना. "कुठे?"

"सावद्याला. दोन बस बदलून आले. इथल्या आईंसाठी साडी घेऊन आले होते. माझ्या हातून नुकसान झालं म्हणाले, पोरीच्या माहेरच्या माणसाकडून झालं असं तुमच्या मनात राहायला नको, म्हणून आलो. नवी साडी आहे पप्पा, पण जुन्या पद्धतीची. अक्कांची असेल." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पप्पा, तुम्ही एकदा इकडे येता का?"

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि गेलो. रस्ताभर मी वाक्यं तयार करत होतो. विहीणबाईंनी पाणी दिलं. आबा मळ्यात गेले होते, ते बरंच झालं. मी म्हणालो, "विहीणबाई, एक सांगायचं आहे. ॲसिड नानांनी घातलं नव्हतं. मी घातलं होतं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

पाण्याचा पेला मी खाली ठेवला.

"सर, तुमच्या मागच्या अंगणात दोरीवर तुमचा लेंगा वाळत होता. आल्या आल्या हात-पाय धुवायला गेले तेव्हाच दिसला. गुडघ्याखाली पार चाळणी झालेली. आमच्याकडे ट्रॅक्टर आहेत. ॲसिडची भोकं मी नाही ओळखणार? आणि त्या म्हाताऱ्या माणसाच्या कपड्यांना एक भोक नव्हतं."

"आबांना?"

"त्यांना घरी आल्यावर सांगितलं. वृषालीला मी काही बोलले नव्हते, पण तो लेंगा तिनंही पाहिला होता, तिला आमच्या आधी कळलं होतं. रडली होती ती त्या दिवशी. साडीसाठी रडतेय असं आम्ही धरून चाललो."

मला खुर्चीवर बसवेना आणि उठवेना. तीन महिने मी ज्यांच्यापासून तोंड लपवत होतो त्या सगळ्यांनी मला पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, आणि माझी लाज मीच राखतोय असं मला वाटू दिलं होतं. "मग नानांकडून साडी कशी घेतली तुम्ही?" मी विचारलं. विचारायचा हक्क नव्हता.

"एवढा म्हातारा माणूस उन्हातान्हात येतो, माझी चूक म्हणतो. त्याला तोंडावर खोटं पाडू? ठेवून घेतली. तुम्ही आलात की तुमच्या हातानं परत पाठवायची ठरवलं होतं." आतून त्यांनी साडी आणली. हिरवी, बारीक जरीकाठाची, घडी न मोडलेली. "फार उशीर केलात सर," एवढंच म्हणाल्या. मग जेवायला वाढलं.

त्याच संध्याकाळी मी नानांच्या ओट्यावर गेलो. नाना रिकाम्या ओट्यावर बसले होते. सांगून टाकलं, उभ्या उभ्याच.

नाना म्हणाले, "तेराशे वीस होतं सर. पाण्यानं आकडा तिथे जात नाही. त्याच वेळी समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"पोर उभी होती ना दारात. सासू शेजारी. बाप खोटा बोलला हे सासरी निघालं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागतं. माले कोन काय बोलनार? मी एकटा मानूस." अहिराणी माझ्याशी ते पहिल्यांदाच बोलले. त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण पुढे ते पुन्हा शुद्ध बोलले.

मी साडी पुढे केली. त्यांनी हात शर्टाला पुसले आणि मग घेतली. "दीपनगरला घेतली होती. आखाजीला माहेरी नेसून जायची म्हणत होती. मला कधी रजाच मिळाली नाही आखाजीला, खोली सोडता यायची नाही. एकटी जा म्हटलं तर जायची नाही." घडीवरून हात फिरवून म्हणाले, "बरं झालं परत आली. देऊन आलो खरा, पण झोप नव्हती."

मी म्हटलं, मी ग्रुपवर सगळं लिहितो. नाना घाबरले. "नका लिहू सर. राहू द्या. तुम्हाला शाळा आहे, मुलं आहेत." क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. नाना स्वतःच नको म्हणतायत, मग कशाला. ते सुटल्यासारखं वाटणं मी अजून विसरलेलो नाही. घरी येऊन शैलाला सांगितलं, आणि तिनं माझ्याशी बोलणं बंद करण्याआधी मी ग्रुपवर लिहिलं. तो अंगठा सोडून सगळं लिहिलं, दुकानदाराला सांगितलेल्या प्रयोगशाळेसकट.

पाच मिनिटांत उत्तरं आली. "चालतं हो सर." "होतं असं कधीकधी." "मोठं मन आहे सर तुमचं." हसरे चेहरे, जोडलेले हात. सगळ्यांनी मला माफ करून टाकलं. नानांना त्यातलं काही मिळालं नाही. त्यांना कुणी काय देणार, घरोघरी बॅटऱ्या सीलबंद झालेल्या. दोन-तीन जणांनी लिहिलं, नाना या कधीतरी चहाला. कधीतरी म्हणजे कधी, ते कुणी लिहिलं नाही. मीही लिहिलं नाही, मला वाटलं ते येतीलच.

पुढच्या रविवारी सकाळी मी अंगणात होतो. नाना आले. इस्त्रीचा शर्ट होता, पिशवी नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्यांना समजत नव्हतं. एकदा मागे बांधले, एकदा खिशात घातले. फाटक नुसतं लोटलेलं होतं, पण ते बाहेरच थांबले.

"सर," ते म्हणाले, "काम तर काही नाही माझं. आत येऊ का?"

आठ वर्षं न विचारता आत येणाऱ्या माणसाला हे विचारावं लागलं, आणि ते मी करून ठेवलं होतं. मी जाऊन फाटक उघडलं.